पद्मगडाच्या पाण्याकडेही पाहा

महोदय,

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले आणि त्यांत सिंधुदुर्ग आहे, याचा आम्हा कोकणवासीयांना रास्त अभिमान आहे. मात्र तेव्हापासून जी चर्चा कानावर येते, ती तटबंदी, जेटी, वाहनतळ आणि वाढणारी गर्दी यांच्यापलीकडे सहसा जात नाही. हा किल्ला ज्या पाण्यात उभा आहे, ते पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून अधिसूचित आहे, ही गोष्ट किती पर्यटकांना ठाऊक असेल?

अभयारण्याचे एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातला गाभा, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा भाग, जेमतेम ३ चौरस किलोमीटरांचा आहे. सिंधुदुर्ग आणि त्याच्या शेजारचे पद्मगडाचे बेट हे दोन्ही याच गाभ्यात येतात. सिंधुदुर्गात आजही काही कुटुंबे राहतात, त्यामुळे तिथे कोणाचे ना कोणाचे लक्ष असते. पद्मगडावर वस्ती नाही. मोठ्या ओहोटीला मालवणच्या दांडी किनाऱ्याकडून वाळू आणि खडक तुडवत तिथवर जाता येते, पण आपण संरक्षित क्षेत्राच्या गाभ्यात शिरलो आहोत हे येणाऱ्याला कळावे कसे? समुद्रावर कुंपण नसते आणि नकाशावरची रेषा पाण्यावर उमटत नाही.

इथले प्रवाळ लक्षद्वीपसारखे दिमाखदार नाहीत. पावसाळ्यातले गढूळ, कमी खारे पाणी सोसत ते खडकांना चिकटून जगतात, आणि म्हणूनच मला त्यांचे अधिक अप्रूप वाटते. अशा काही जातींची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर इतकी संथ असते. होडीचा नांगर एकदा घसटला किंवा हौशी पोहणारा दमून त्यावर उभा राहिला, तर पिढीभराची वाढ क्षणात मोडते. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकण्याची हौसही निरुपद्रवी नाही. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, स्थान आहे. तरी ‘आठवण’ म्हणून तुकडा खिशात घालणाऱ्याला आपण गुन्हा करतो आहोत याची कल्पनाही नसते.

या अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला आहे. त्यांची भीती मला अनाठायी वाटत नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्याला आणि खडकांवर कालवे (खाण्याचे शिंपले) काढणाऱ्या बाईला नियम दाखवायचे आणि त्याच पाण्यात पर्यटनाला मोकळे रान द्यायचे, असे झाले तर संरक्षण या शब्दावर गावाचा विश्वास बसणार नाही. बंधन घालायचेच असेल, तर त्याची सुरुवात सहलीच्या होड्यांपासून व्हावी.

त्यासाठी फार मोठा निधी लागेल असे नाही. प्रवाळांच्या जागी नांगर न टाकता होड्या बांधता येतील अशा कायमच्या बोया हव्यात, गाभ्याची सीमा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा हव्यात, दांडीच्या किनाऱ्यावर ठळक मराठी फलक हवा आणि एका वेळी किती जणांना पाण्यात उतरू द्यायचे याची मर्यादा ठरायला हवी. ही मर्यादा वन विभागाच्या कांदळवन कक्षाने मच्छीमार संस्था आणि होडीचालक यांना सोबत बसवून ठरवावी. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणारी होडीवाहतूक बंद असते. ही बैठक त्याच काळात घेतली, तर हंगाम सुरू होण्याआधी नियम होडीचालकांच्या हाती पडतील.

– एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)