नाडीवरची तीन बोटं आणि पहाटेचा मोह

ता. कुरखेडा, जि. गडचिरोली
२४ एप्रिल

प्रिय शोभे,

तुझं पत्र परवा मिळालं. अंगणात मोह वाळत घातला होता, हात चिकट झालेले, म्हणून पाकीट पदरानं धरून फोडलं आणि तिथंच उकिडवी बसून वाचलं. तीन किमो झाल्या, तीन राहिल्या. भाताच्या वाफेनंही पोटात ढवळतं. आणि शेवटच्या ओळीत तू विचारतेस, तू त्या चिनी सुयांनी उभी राहिलीस ना, मग मीही हे सगळं थांबवून तिकडेच येऊ का?

आधी उत्तर देते, बाकीचं मागाहून. थांबवू नकोस. एकही किमो चुकवू नकोस. मी उभी राहिले हे खरं, पण कशानं, ते फोनवर कधी धड सांगता आलं नाही. आज सगळं लिहिते, म्हणजे त्यातलं काय घ्यायचं ते तुझं तुलाच कळेल.

हे गेले त्या भादव्यानंतर माझी झोप मोडली. रोज रात्री तीनच्या सुमारास डोळे उघडायचे आणि मग उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडायचं. कोरडा खोकला लागला. पुढं उजवा खांदा धरला. आधी वेणी घालता येईना, मग पोलक्याचे हुक लागेनात, शेवटी चुलीवरून भाताचं गंज उतरवायलाही सासूबाईंना हाक मारावी लागे. जवळच्या एका दवाखान्यात चार महिने गेले. दर खेपेला एक इंजेक्शन, गोळ्यांची एक पट्टी आणि ‘वयानुसार होतं’ हे वाक्य. त्या चार महिन्यांत डॉक्टरांनी माझ्या खांद्याला एकदाही हात लावला नाही. राग इंजेक्शनांचा नाही गं, याचा आहे.

मागच्या वर्षी जानेवारीत भाचीनं हट्टानं नागपूरला अॅक्युपंक्चरच्या एका डॉक्टरांकडं नेलं. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत बस पोहोचते तोवर खांदा ठणकायला लागला होता. अॅक्युपंक्चर म्हणजे सुया टोचणार एवढंच मला माहीत. पण त्या डॉक्टरांनी सुईची डबी उघडलीच नाही. टेबलावर एक लहानशी उशी होती, तिच्यावर मनगट ठेवायला सांगितलं आणि तीन बोटं टेकवली. एक मनगटाच्या घडीलगत, दुसरं हाडाच्या उंचवट्याशी, तिसरं त्याच्या मागं. आधी अलगद, मग जरा दाबून, मग आणखी खोल. आपले वैद्यही तीन बोटांनी वात-पित्त-कफ बघतात, पण चिनी हिशोब निराळा. दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागा आणि प्रत्येक जागा कुठल्या तरी अवयवाची. उजव्या हाताची घडीजवळची जागा फुफ्फुसाची. तिथं त्यांचं बोट थांबलं ते हलेचना. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. हे गेल्यापासून इतका वेळ कुणी माझा हात धरला नव्हता, शोभे.

“रात्री जाग किती वाजता येते?”

“तीनला.”

“घरातलं कोण गेलं?”

मी काही सांगितलं नव्हतं. भाचीनंही नाही. मी तिथंच रडायला लागले आणि ते गप्प बसून राहिले, पाण्याचा पेला पुढं सरकवला एवढंच.

चिनी वैद्यकात दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भाग मानतात आणि प्रत्येक भाग एका अवयवाला दिलेला असतो. पहाटे तीन ते पाच फुफ्फुसाचे. राग यकृतात राहतो, भीती मूत्रपिंडात, सारखी काळजी प्लीहेत आणि शोक फुफ्फुसात. ऐकताना मला वाटलं, आपल्या आयांना हे शब्द न शिकता ठाऊक होतं. ‘उर भरून आला’ म्हणतो ना आपण, डोकं भरून आलं असं नाही म्हणत.

पुढं तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी विचारलंच, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, नाडी त्या जागी सुतासारखी बारीक लागत होती, आणि तुम्ही ‘आम्ही’ म्हणता आणि वाक्य तिथंच सोडून देता. तीस वर्षं मनगटं धरली की बोटाला आधी कळतं, मग डोक्याला. हे तू लक्षात ठेव, कारण मला पुढं यावरच बोलायचं आहे.

सुई लावायच्या आधी मात्र त्यांनी एक अट घातली. साखर तपासून या. खांदा असा गोठतो तो मधुमेह असणाऱ्यांत जास्त दिसतो म्हणे. तपासली तर वाढलेली निघाली. चार महिने ज्या दवाखान्यात मी पैसे भरले तिथं कुणाला हे सुचलं नव्हतं. तेव्हापासून मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे आणि सुयांचे डॉक्टर दर खेपेला पहिला प्रश्न गोळीचाच करतात. मला त्यांच्यावर विश्वास बसला तो या प्रश्नानं.

आता सुयांचं. केसासारख्या बारीक, एकदाच वापरून टाकायच्या. टोचल्याचं दुखत नाही, थोड्या वेळानं आत जड-जड झिणझिण्या येतात, त्यालाच ते ‘ची’ आली म्हणतात. ची म्हणजे आपला प्राण म्हण. पण मला वेड लावलं ते त्या जागांच्या नावांनी. मनगटाच्या घडीत अंगठ्याच्या बाजूला जिथं नाडी उडते, तिचं नाव ‘अथांग डोह’. कोपराच्या घडीच्या टोकाशी ‘वळणावरचं तळं’. तळपायाच्या खोलगट भागात ‘उसळता झरा’. आणि बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत पाच जागा ओळीनं, त्यांना विहीर, झरा, ओढा, नदी आणि समुद्र असंच म्हणतात. टोकाशी विहीर, कोपराशी समुद्र! मी तिथं पडल्या पडल्या आमचं गाव आठवत होते. सांदवाडीतली विहीर, बोडी, नाला, मग खोब्रागडी, मग वैनगंगा. ती वर्धेला मिळाली की तिचं नाव प्राणहिता होतं, तशीच गोदावरीत जाते आणि समुद्राला मिळते. प्राणहिता! आयुष्य या भागात गेलं आणि या नावाचा अर्थ मला नागपूरच्या एका खाटेवर कळला.

त्यांची एक जुनी म्हण आहे. वाहतं तिथं दुखत नाही, दुखतं तिथं वाहत नाही. धान करणाऱ्या माणसाला हे समजवावं लागत नाही. मामा तलावाचा, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचा, पाट एका जागी तुंबला की वरची बांधी सडते आणि खालची करपते. तेव्हा आपण रोपाला दोष देत नाही, फावडं घेऊन पाटावर जातो.

फेब्रुवारी सरता सरता हात खांद्याच्या उंचीला आला, पण तीनची जाग काही जाईना. एका रात्री सासूबाईंनी बाजूच्या खाटेवरून विचारलं, “झोप नाई येत त पडून कायले राहतेस? चाल मोवा वेचाले.”

चंद्र मावळला होता. पाच-सहा बाया, कंदील आणि बॅटऱ्या, मोठ्यानं बोलत चाललेल्या, कारण अस्वलालाही मोह आवडतो आणि अलीकडं वाघाचंही भय आहे. एकटीनं जायचं नाही हा नियमच. सासूबाईंचं झाड त्यांच्या सासूनं त्यांना दाखवलेलं. खालचा पाचोळा त्या झाडून काढतात, जाळत नाहीत, जाळण्यानं वणवे लागतात. “पयले पाया लाग,” म्हणाल्या. मी खोडाला कपाळ टेकवलं. खडबडीत, गार, आणि वरून सगळीकडून टप, टप. पानं गळलेलं झाड अंधारात उभं आणि फुलं आपोआप खाली येत होती. हातात घेतलं की लोण्याच्या रंगाचं, फुगीर, रसानं भरलेलं, मध्ये एक लहानसं भोक. वास गोड, जरा आंबूस. शोक, फुफ्फुस, तीन ते पाच, सगळं मनात आलं आणि मी पोटभर श्वास घेतला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. उजव्या हातानंच वेचत होते हे टोपली अर्धी भरल्यावर लक्षात आलं.

महिनाभर रोज गेले. जागी तर असतेच, मग रडत पडण्यापेक्षा झाडाखाली बरी. एप्रिलात एके दिवशी उठले तर उजाडलं होतं. सासूबाई एकट्याच बायांबरोबर जाऊन आल्या होत्या. मला उठवलं नव्हतं.

सुयांनी किती, गोळीनं किती, मोहानं किती आणि नुसत्या दिवस जाण्यानं किती, याचे वाटे मला पाडता येत नाहीत. खांदा वेळ घेऊन आपणहूनही सुटतो म्हणतात. पण मला बरं कुणीतरी लक्ष दिल्यानं वाटलं, आणि मग मी स्वतःकडं लक्ष द्यायला शिकले, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

अंतःप्रेरणा म्हणतात ते मला इथंच उमगलं. सासूबाई संध्याकाळी दारात उभ्या राहून सांगतात, “उद्या कमी पडन, हवेत ओल हाय.” आणि तसंच होतं. ढगाळ झालं की मोह कमी गळतो. त्यांना कुणी शिकवलं नाही, त्या साठ वर्षं झाडाखाली गेल्या आहेत. त्या डॉक्टरांच्या बोटाचं तेच. आतला आवाज आभाळातून पडत नाही शोभे, तो एकाच गोष्टीकडं प्रेमानं वर्षानुवर्षं पाहिल्यावर येतो. आणि झाडाला कपाळ टेकवताना मला जे वाटतं, त्याला मी देवच म्हणते, दुसरा शब्द मला माहीत नाही.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. आमच्या भागात हिवताप किती, तुला माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा तापानं फणफणला. आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन तपासलं, मेंदूपर्यंत जातो तो प्रकार निघाला, आणि पिशवीतून गोळ्या दिल्या. त्या गोळीतलं मुख्य औषध चीनमधल्या दवण्याच्या जातीच्या एका झुडपातून आलेलं आहे. ‘तू यूयू’ नावाच्या चिनी शास्त्रज्ञ बाई हिवतापावरच्या औषधाचा शोध घेत होत्या. जुन्या ग्रंथांतली औषधं करून बघत, उकळून काढा करत, कधी गुण येई, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या ग हुंग नावाच्या वैद्याची एक ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मूठभर पाला पाण्यात भिजव, पिळ आणि रस पी. त्यात उकळायचं कुठंच नव्हतं! त्यांनी उष्णता कमी केली, कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि औषध हाती आलं. माणसांना देण्याआधी १९७२ मध्ये तो अर्क त्यांनी स्वतः घेतला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सोळाशे वर्षांपूर्वीची एक ओळ नीट वाचली म्हणून आमच्या गल्लीतला पोरगा आज शाळेत जातो. जुन्यावर अशी श्रद्धा ठेवावी, वाचून, तपासून, आधी स्वतः घेऊन.

आणि नातं आपलंही आहे. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यात सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत, पण आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच पथकातले डॉ. बसू पुढं चीनमध्ये सुयांची विद्या शिकले आणि कलकत्त्याला घेऊन आले.

आता तुझ्यासाठी. मळमळीवर एक जागा आहे, तिच्यावर आधुनिक डॉक्टरांनीही बराच अभ्यास केला आहे. तळहात वर कर. मनगटाच्या घडीपासून दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेव. तिसऱ्या बोटाच्या कडेला, दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्या लागतात त्यांच्या मध्ये, अंगठ्यानं दाबून धर, दोन-तीन मिनिटं, श्वास सावकाश. तिचं नाव ‘आतली वेस’. ज्या काखेतल्या गाठी काढल्या तो हात सोड, दुसऱ्या हातावर कर. मळमळीच्या गोळ्या चालूच ठेव.

सुया घ्यायच्या झाल्या तर तुझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना टोचून घेणं बरं नव्हे. आणि मुलगी मागवणार म्हणतेस ती चिनी पुडी मुळीच घेऊ नकोस. वनस्पती म्हणजे निर्धोक असं नसतं. काही चिनी औषधांत ॲरिस्टोलोकिक आम्ल नावाचं द्रव्य सापडलं आणि त्यानं लोकांची मूत्रपिंडं गेली आहेत. त्यातून तुझ्या अंगात आधीच इतकी औषधं. रागावू नकोस तिच्यावर, ती घाबरली आहे. तिला म्हणावं, पुडीऐवजी रोज रात्री दहा मिनिटं माझं मनगट धरून बस.

जाग आली तर उठून गॅलरीत जा. समोर कडुनिंब आहे ना तुझ्या, तो आता फुलला असेल. वास सोसवला तर उभी राहा, नाही सोसवला तर नुसता बघ.

यंदाचा मोह वाळला आहे. पथ्यात बसतो का ते विचारून कळव, मगच पाठवते. आणि शेवटची किमो होऊन डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की इकडे ये. नागपूरहून सकाळची बस घे, मी वडशाच्या स्टँडवर थांबते. सासूबाईंनी तुझ्यासाठी आत्ताच झाडाखालची एक जागा सांगून ठेवली आहे, आग्नेय बाजूची, तिथं दगड आहे, बसून वेचता येतं.

तुझीच,
विमल