पऱ्हाटीचं डिझेल आधी होड्यांना द्या

महोदय,

पऱ्हाटीसारख्या (कापूस वेचल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं) शेतातल्या काडीकचऱ्यापासून डिझेल करण्याबद्दल बरंच बोललं जातंय. ते व्हावं आणि लवकर व्हावं, असं मला मनापासून वाटतं. पण त्यात नावाचा एक घोळ आहे. त्याचा फटका मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून हे पत्र.

मी वर्सोव्यात ३१ वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. सात-आठ वर्षांपूर्वी ओळखीच्या एका नाखव्याने कुठल्याशा व्यापाऱ्याकडून स्वस्तात बायोडिझेल भरलं. दुसऱ्याच रात्री भर समुद्रात इंजिन धापा टाकत बंद पडलं. दुसऱ्या होडीला बांधून ती ओढत आणली. सकाळी मी फिल्टर खोलला, तर कागदाच्या घड्यांमध्ये तपकिरी, साबणासारखा बुळबुळीत गाळ. चिमटीत धरून ओढला तर तार निघत होती. परतीचा रबरी पाइप फुगून मऊ पडलेला, टाकीच्या तळाशी दोन बोटं पाणी. फेरी गेली, बर्फ गेला, खलाशांचा वाटाही बुडाला. नाखव्याची बायको रिकाम्या टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभी होती, ती अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे ‘बायो’ म्हटलं की माणसं पाठ फिरवतात. त्यांचं काही चुकलं नाही. आपणच दोन वेगळ्या वस्तूंना एका नावाने हाका मारतोय. बायोडिझेल म्हणजे तेलाची मिथेनॉलशी प्रक्रिया करून केलेलं इंधन. त्यात प्राणवायू असतो, ते ओल धरतं, जुन्या टाकीत बसलेला गाळ सुटा करून फिल्टरमध्ये आणतं, काही प्रकारचं रबर फुगवतं. रस्त्यावरच्या ट्रकला थोडं मिसळलेलं चालून जातं. खाऱ्या, दमट हवेत दिवसच्या दिवस हेलकावणाऱ्या टाकीची गोष्ट वेगळी.

काडीकचऱ्याचं डिझेल निराळं. काडी अपुऱ्या हवेत तापवून तिचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचा वायू करायचा, त्यातलं डांबर काढायचं (अवघड आणि खर्चाचं काम ते हेच), मग तो वायू उत्प्रेरकावरून (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणाऱ्या धातूवरून) नेऊन त्यातून द्रव इंधन करायचं. फिशर आणि ट्रॉप्श या शास्त्रज्ञांनी ही रीत १९२५ च्या सुमारास जर्मनीत शोधली. दक्षिण आफ्रिकेत १९५५ पासून कोळशापासून असं इंधन काढतात. हाती येतं ते अस्सल डिझेल, पाणी न धरणारं. त्यात गंधक जवळपास नसतं, पण वंगणाचा गुणही कमी असतो, म्हणून पंपाला वंगण मिळावं यासाठी थोडं द्रव्य मिसळावं लागतं, एवढंच.

आणि कच्चा माल? माझी सासुरवाडी यवतमाळकडची. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटाव्याच लागतात. गुलाबी बोंडअळी राहू नये म्हणून फरदड (त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक) घेऊ नका, असं कृषी खातं सांगतंच. थोड्या चुलीला जातात, उरलेल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रचून पेटवतात. हेक्टरी दोन-तीन टन माल जळून जातो. मेव्हण्याला म्हटलं, जाळता कशाला? तो म्हणाला, “भाऊजी, उपटायची मजुरी द्या अन् घेऊन जा.” लाकडासारखी कडक काडी, मुळाला माती, आणि ट्रॉली भरली तरी निम्मी हवाच. गावातच तुकडे करून, दाबून गठ्ठे केल्याशिवाय वाहतूक परवडणार नाही. ही मजुरी आणि ही यंत्रं ज्या योजनेत नसतील, ती योजना शेतकऱ्याच्या धुऱ्यापर्यंत पोचणार नाही. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड आणि ब्रिकेट (जळणाचे दाबून केलेले ठोकळे) करण्यावर काम करत आली आहे, माहुलला दोन रिफायनऱ्या आहेत. म्हणजे जाणकार आपल्याच शहरात आहेत.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात अशा इंधनाची वेगळी व्याख्या आहे. पण डिझेलसाठी २०३० पर्यंतचं ५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं ते बायोडिझेलचं. आंतरराष्ट्रीय विमानांच्या जैवइंधनासाठी २०२७ पासून १ टक्का ठरलाय. होड्यांसाठी काहीच नाही! बेस्टच्या बऱ्याच बस विजेवर आल्या, फार चांगलं झालं. पण दहा-दहा दिवस समुद्रात राहणारा ट्रॉलर चार्ज कुठे करणार?

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. दोन्ही इंधनांची नावं वेगळी ठेवा आणि पंपावर ती मराठीत ठळक लिहा. काडीकचऱ्याचं डिझेल तयार होईल तेव्हा त्याची पहिली चाचणी मासेमारीच्या होडीवर करा. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, इंजिनं तशीही किनाऱ्यावर उघडलेली असतात. तेव्हा नोझल आणि पंपाची मापं घ्या, हंगामभर तेच इंधन घाला, पुढच्या बंदीत सगळ्यांसमोर पुन्हा उघडा. फिल्टर खोलायला मी येईन, मजुरी नको.

— एक निवृत्त इंजिन मेकॅनिक, वर्सोवा, मुंबई