'टेक' म्हणजे नुसतं 'घेणे' नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या विद्यार्थ्यांच्या पानावर इंग्रजी 'टेक' या क्रियापदाचे मराठी अर्थ चौकटीत छापले होते. घेणे, स्वीकारणे, ग्रहण करणे, प्राप्त करणे, पकडणे, नेणे. माझी नात इंग्रजी माध्यमात शिकते. शाळेत मराठी नाही, म्हणून दर रविवारी मी तिला पाच इंग्रजी वाक्यं मराठीत करायला देतो. तिने चौकट कापून वहीत डकवली आणि त्यावरून पहिलंच वाक्य लिहिलं : 'बाबांनी सकाळी बस घेतली.' मी म्हटलं, अगं, स्कूटरचे हप्ते फेडताना तुझ्या बापाच्या नाकी नऊ आलेत, बस कधी घेतली त्याने? तिने मुकाट्याने चौकटीवर बोट ठेवलं.

मी काही व्याकरणाचा माणूस नाही. बडोद्यात दांडिया बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. पण हे क्रियापद माझ्या पोटापाण्याचं आहे, म्हणून लिहितो. इंग्रजीत फोटो 'टेक' करतात. मराठीत काढतात. आणि आम्ही बडोदेकर, गुजराती शेजारात वाढलेले, फोटो पाडतो. पुण्याला एका लग्नात मी 'नवरानवरीचा एक फोटो पाडू द्या' म्हणालो, तर मुलीची मावशी म्हणाली, 'पाडू नका हो, काच फुटेल.' हसलो, पण अजून पाडतोच. शेजाऱ्याच्या तोंडून आलेला शब्द आहे, खपून जातो.

हल्ली मात्र तरुण गिऱ्हाइकं म्हणतात, 'काका, माझा फोटो घ्या ना.' आमच्या धंद्यात 'फोटो घ्या' याचा अर्थ पाकीट तयार आहे, पैसे द्या आणि न्या. म्हणजे हे वाक्य म्हणायचं मी, त्यांनी नव्हे. एकदोनदा मी खरंच हात पुढे केला. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही असं वाटून पोरगा तेच मोठ्याने म्हणाला.

डार्करूम होती तेव्हाची गोष्ट. लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये बुडवायचा आणि ट्रे हळूहळू हलवत राहायचं. आधी केस उमटायचे, मग भुवया, मग कोटाची कड. चेहरा सर्वात शेवटी भरायचा. नेमक्या क्षणी चिमट्याने कागद बाहेर काढायचा आणि पाण्यातून हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, टाकायचा. जरा उशीर झाला की नवरदेव काळाठिक्कर, आणि पुन्हा नवा कागद आपल्या खिशातून. त्या काळात मला वाटायचं, फोटो 'काढणे' हे त्या चिमट्यावरूनच आलं असणार. तसं काही नाही. आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो, तसाच फोटो काढतो. पण हाताला तो शब्द पटायचा.

परीक्षेचं तर उलटंच आहे. इंग्रजीत मुलगा परीक्षा 'टेक' करतो. मराठीत तो देतो आणि मास्तर घेतात. गुजरातीतही देतातच. फॉर्मसाठी फोटो काढायला आलेली एक मुलगी मला म्हणाली, 'काका, मार्चमध्ये मी बोर्डाची परीक्षा घेणार आहे.' मी म्हटलं, घे बाई, पेपर जरा सोपा काढ. आपल्या चौकटीत 'देणे' हा अर्थ नव्हता. कसा असेल? समानार्थी शब्दांच्या यादीत विरुद्धार्थी शब्द कोण घालील? आणि भाषांतर करताना नेमका तोच लागतो.

'लागणे'ही नव्हता. आपल्याच पुरवणीत पाककृतीखाली वाचलं, 'ही भाजी शिजायला वीस मिनिटे घेते.' माझ्या बायकोने ते वाचून 'कोणाकडून घेते?' असं विचारलं. वेळ लागतो. नेम धरतात, बुडी मारतात, मुलगी आईवर जाते. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत एकटा 'टेक' राबतो, आणि आपल्याकडे कामागणिक माणूस वेगळा.

बरं, आपलं 'घेणे' काही गरीब नाही. गवताची गंजी पेट घेते, मूल झोके घेतं, पुढारी माघार घेतात. 'जेवून घे', 'लिहून घे' यातलं 'घे' तर 'टेक'ला जन्मात जमणार नाही. आमच्या गुजरातेत दारूबंदी आहे, तरी 'तो घेतो' म्हटल्यावर काय घेतो हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

माझा जावई इंग्रजी शिकवतो. तो सांगतो, 'टेक' मुळात इंग्रजीचाही नव्हे. हजारेक वर्षांपूर्वी वायकिंगांच्या नॉर्स भाषेतून तो इंग्लंडात शिरला आणि 'घेणे'साठी तिथे आधी असलेल्या 'निमन' या क्रियापदाला त्याने हळूहळू हुसकावलं. त्या जुन्याची खूण 'नंब' या शब्दात उरली आहे. नंब म्हणजे बधिर, मूळ अर्थ 'घेतला गेलेला'. म्हणजे घरचं क्रियापद गेलं, आणि मागे राहिला बधिरपणा. (गुजरातीत 'टेक' म्हणजे प्रतिज्ञा. त्याचा इथे संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

प्रतिशब्दांच्या याद्यांशी माझं वैर नाही. बडोद्याच्या माणसाचं असूच शकत नाही. 1931 साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द ओळीने शेजारी शेजारी. एका वकिलांकडे घरगुती समारंभाचे फोटो पाडायला गेलो होतो, तिथे तो कोश चाळला आणि पाहुणे खोळंबले. हुद्दे, खाती, कागदपत्रं यांना ही मांडणी चपखल बसते. रोजच्या क्रियापदाला ती पुरत नाही. 'घेणे' आणि 'ग्रहण करणे' यांत फरक कोणता, हे यादी सांगत नाही. 'चहा ग्रहण करा' असं मी गिऱ्हाइकाला म्हटलं तर तो दुसऱ्या स्टुडिओत जाईल.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी सहा प्रतिशब्दांऐवजी सहा वाक्यं छापावीत. क्रियापद नामासकट द्यावं : फोटो काढणे, परीक्षा देणे, वेळ लागणे, बसने जाणे. पुढचं क्रियापद 'गेट' असेल तर जागा जास्त ठेवा.

नाव छापू नये, गिऱ्हाइकं घाबरतील.

आपला,
एक फोटोवाला
दांडिया बाजार, बडोदे

ता. क. नातीने हे पत्र वाचलं आणि विचारलं, 'आबा, टेक युअर टाइमला काय म्हणायचं?' मी म्हटलं, 'सावकाश होऊ दे.' स्वयंपाकघरातून तिची आजी म्हणाली, 'ते त्यांना चांगलं येतं.'