घड्याळच लागलं नाही: क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: गाडी हाकण्यात हुशार असलेल्या खेड्यातल्या पोरांसाठी एक मैदान आणि एक घड्याळ मिळणेबाबत.

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला मेकॅनिक. चाळीस वर्षं ट्रॅक्टर, थ्रेशर आणि मोटारपंप यांच्यात गेली. हिवाळ्यात आसपासच्या गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरला की मला बोलावणं यायचं ते घड्याळ धरायला. माझा अंगठा भरवशाचा, असं लोक म्हणत. जोडी पाटलाची असो की कोणाची, रेषेवरून सुटली की दाबायचं, शेवटच्या रेषेवर पुन्हा दाबायचं. वेळ आली ती आली. भांडणं बैलांवरून व्हायची, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यावरून व्हायची, माझ्या घड्याळावरून कधी झाली नाहीत.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, त्या २०२१ च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा सुरू झाल्या. मधली सात वर्षं घड्याळ कपाटात पडून होतं. त्या काळात मी त्याचा एकदा वेगळा उपयोग केला. हे पत्र त्याबद्दल आहे.

माझा भाचा तेरा वर्षांचा असताना पाण्याचा टँकर जोडलेला ट्रॅक्टर गोठ्याच्या आणि विहिरीच्या मधल्या बोळातून उलटा घ्यायचा. ट्रॉली रिव्हर्स घेणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, आणि एकदा दुमडली की दुमडली. मोठमोठे ड्रायव्हर तिथे तीन-तीनदा मागेपुढे करतात. हा एका दमात आत जायचा, तोंडात भुईमुगाच्या शेंगा घोळवत.

मग मी एका पडीक वावरात मातीने भरलेली खताची पोती ठेवून वळणं आखली. गॅरेजवर एक जुनी मारुती ८०० बेवारस पडली होती, तिच्यात त्याला बसवलं आणि घड्याळ काढलं. दहा फेऱ्या झाल्या. सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ फेरीत अर्ध्या सेकंदाचंही अंतर नव्हतं. काळी माती, चौथ्या फेरीनंतर वळणावर भुसभुशीत झालेली, आणि तरी अंतर नाही! मी विचारलं, हे कसं करतोस? म्हणाला, “मामा, डोयानं पाहून नाई होत थे. बुडाखाली गाडी काय करून रायली थे समजा लागते.”

साहेब, जगातले मोठे रेसिंग ड्रायव्हर हेच सांगतात, फक्त त्यांच्या भाषेत.

पुढे नागपूरला पैसे मोजून गो-कार्ट चालवता येते तिथे नेलं. तिथल्या माणसाने त्याच्या वेळा पाहून सांगितलं, याला स्पर्धेत उतरवा. एका हंगामाचा खर्च किती, ते विचारलं. कार्ट, टायर, इंजिन, प्रवेश फी, दर शर्यतीला दक्षिणेत ने-आण. तेवढ्यात बहिणीचं दोन एकर वावर गेलं असतं, आणि ते फक्त पहिल्या वर्षाचं. आम्ही बसने परत आलो. आज तो पिकअप चालवतो, दारव्ह्याहून नागपूर, कधी अमरावती. गाडी स्वतःची आहे, हप्ते वेळेवर जातात. तो रडत नाही. मीच हे सगळं उगाळत बसतो.

तो जगज्जेता झाला असता, असं मी म्हणत नाही. बहुधा झाला नसता. पण ‘बहुधा’ हा शब्द मला सलतो. शंकरपटात आम्ही कोणत्याही जोडीबद्दल ‘बहुधा’ म्हणत नाही.

या नादापायी मी गेली काही वर्षं मोबाइलवर असल्या अर्धवट राहिलेल्या ड्रायव्हरांच्या कथा वाचत असतो. माझ्या मनात सगळ्यात जास्त बसला तो न्यूझीलंडचा ख्रिस एमन. मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. सहा वर्षांचा असताना शेतावरच्या गड्याने त्याला गाडी शिकवली. एकोणिसाव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये, म्हणजे मोटार शर्यतीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. १९६६ साली ब्रूस मॅकलारेनबरोबर ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकला. आणि फॉर्म्युला वनमध्ये ९६ शर्यती धावून एकही विजय नाही! १९७१ ला इटलीच्या मॉन्झात पुढे असताना हेल्मेटची काचच उडाली. १९७२ ला फ्रान्समध्ये पुढे असताना टायर पंक्चर. त्याच्या काळातला ड्रायव्हर मारिओ आंद्रेत्ती गमतीने म्हणायचा की हा एमन अंत्यविधीच्या धंद्यात पडला तर लोक मरायचे थांबतील. आमच्याकडे अशा माणसाला म्हणतात, हा पेरायला निघाला की पाऊस पळतो. शेवटी तो परत शेतावरच गेला. पण त्याचं दुर्दैव निदान जगाने पाहिलं. त्याच काळात स्कॉटलंडचा जिम क्लार्क, तोही शेतकरीच, दोनदा जगज्जेता झाला, १९६३ आणि १९६५ ला. तेव्हा शेतावरच्या पोराने हे स्वप्न पाहणं म्हणजे खुळेपणा, असं कुणी म्हणू नये.

दुसरा टॉमी बर्न. आयर्लंडच्या डंडॉक गावचा, गरीब घरचा, तोंडाने फटकळ. १९८२ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचा, म्हणजे खालच्या पायरीवरच्या मालिकेचा, विजेता. त्याच वर्षी थिओडोर नावाच्या दुबळ्या संघाकडून त्याला फॉर्म्युला वनची गाडी मिळाली. पाच वेळा प्रयत्न केला, दोनदाच शर्यतीत उतरता आलं. हंगाम संपल्यावर मॅकलारेन संघाने इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर चाचणी घेतली. त्याने गाडी भन्नाट चालवली, पण जागा काही मिळाली नाही. मग अमेरिकेत खालच्या मालिकांमध्ये गाड्या पळवल्या, पुढे दुसऱ्यांना गाडी शिकवायचं काम केलं. त्याच्या बाबतीत सगळा दोष पैशाचा होता असंही नाही. दारू, मुजोरी, आणि ज्यांच्याकडे जागा होती त्यांच्याशी कसं बोलावं ते न कळणं. पण हे बोलणं त्याला कुणी शिकवायला हवं होतं ना? आमच्या पोरांना तर मुंबईच्या माणसासमोर खुर्चीत नीट बसतासुद्धा येत नाही. बापही पाटीलसाहेबांसमोर उभाच राहत आला.

डेन्मार्कच्या यान मॅग्नुसनला पैसा मिळाला, ओळख मिळाली, तरी जमलं नाही. १९९४ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या १८ पैकी १४ शर्यती त्याने जिंकल्या. आयर्टन सेन्नाचा १९८३ चा १२ विजयांचा विक्रम मोडला. आणि फॉर्म्युला वनमध्ये काय मिळालं? १९९८ ला कॅनडात सहावा आला, एक गुण. तो त्याचा पहिला गुण आणि संघाने त्याच शर्यतीनंतर त्याला काढलं. त्याच्या जागी आला जोस वर्स्टापेन, आजच्या नामांकित मॅक्स वर्स्टापेनचा बाप. मॅग्नुसनची सिगारेट सुटत नव्हती, व्यायामाचा कंटाळा होता, असं तेव्हा उघड बोललं जायचं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. सरकारने मदत केली की हिरे निघतीलच, असं खोटं आश्वासन मला तुम्हाला द्यायचं नाही. काहींचा घात स्वभाव करतो. काहींचा मृत्यू. जर्मनीच्या स्टेफान बेलोफने १९८३ साली नुर्बुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकवर लावलेली वेळ २०१८ पर्यंत कुणाला मोडता आली नाही. तो १९८५ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर अपघातात गेला, वय २७.

पण या सगळ्यांवर कुणीतरी, कुठेतरी, घड्याळ लावलं होतं. फिनलंडचा किमी राइकोनेन मोटारींच्या फक्त २३ शर्यती खेळलेला होता. सौबर संघाने चाचणी घेतली, वेळा पाहिल्या आणि २००१ ला थेट फॉर्म्युला वनमध्ये बसवलं. २००७ ला तो जगज्जेता. आता नियम बदललेत, खालच्या मालिकांमधून तीन वर्षांत ४० गुण जमवल्याशिवाय सुपर लायसन्स, म्हणजे फॉर्म्युला वनचा परवाना, मिळत नाही, म्हणजे पैसेवाल्याचा रस्ता आणखी लांब आणि गरिबाचा बंदच.

आपल्या देशाचं सांगायचं तर नारायण कार्तिकेयन २००५ ला पहिला भारतीय म्हणून फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मॅक्स वर्स्टापेन सतराव्या वर्षी उतरला. करुण चंडोकला २०१० मध्ये एचआरटी नावाच्या मागे पडणाऱ्या गाडीत दहा शर्यती मिळाल्या. मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या, चार हंगाम काढले, आणि वरची जागा आली नाही. वर दहा-अकरा संघ, संघाला दोन गाड्या. या तिघांच्या मागे घर होतं, पैसा होता, शहर होतं. आणि फोर्स इंडिया नावाचा संघ दहा वर्षं ‘इंडिया’ मिरवत धावला, त्याच्या गाडीत शर्यतीला एकदाही भारतीय बसला नाही.

आता तुमच्या खात्याच्या गोष्टीकडे येतो. आपल्याकडे सरकारांना शर्यत आवडते ती वरची. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या तीन ग्रां प्री झाल्या, तिन्ही जर्मनीच्या वेट्टेलने नेल्या, आणि हा खेळ की करमणूक, कर कुठला, या वादात पुढचं सगळं बसलं. हैदराबादला २०२३ मध्ये विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई आली, सरकार बदललं, पुढच्या वर्षी रद्द. चेन्नईत २०२४ ला रस्त्यावर रात्रीची फॉर्म्युला फोर झाली, दिवे छान होते. उद्या कुणी तुम्हाला नागपुरात समृद्धी महामार्गाला लागून सर्किट बांधण्याचा प्रस्ताव दाखवेल. कृपा करून तो बाजूला ठेवा. वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा उमेश यादव कसोटीपर्यंत गेला, तो जामठ्याच्या स्टेडियममुळे नव्हे. टेनिसचा चेंडू कुठल्याही किराणा दुकानात मिळतो म्हणून त्याचा वेग आधी गावाला कळला.

आमच्या पोरांना मोटारीचा टेनिस बॉल पाहिजे.

तो कसा असतो, हे स्वीडन आणि फिनलंडमध्ये बघायला मिळतं. तिथे गावोगाव मातीवर जुन्या मोटारींच्या स्वस्त शर्यती चालतात. त्यांचा एक नियम मला इतका आवडला की मी तो गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय: शर्यत संपल्यावर ठरलेल्या किमतीत कुणीही तुमची गाडी विकत मागू शकतो आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही. म्हणजे गाडीत लाखो रुपये घालायची सोयच उरत नाही. उरतो तो हात आणि बुड. फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, आपल्या विदर्भाची दोन कोटींवर. त्यांचे जगज्जेते तीन, रोझबर्ग, हाक्किनेन, राइकोनेन. रॅलीतले वेगळे.

आमच्याकडे याचं अर्धं सामान तयारच आहे. शंकरपटाचं मैदान, गर्दी सांभाळणारी माणसं, रुग्णवाहिका, घड्याळ आणि ते मानणारे लोक. भंगारात निघणाऱ्या मारुती ८०० आहेत. पाइपचा पिंजरा आमच्या तालुक्यातला कुठलाही वेल्डर बसवेल, फक्त माप कुणी जाणकाराने द्यावं आणि तपासावं. खात्याने हेल्मेट, पट्टे, विमा आणि एक शिकलेला निरीक्षक द्यावा. पट संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर पोत्यांची वळणं आखून पोरं चालवतील. जिल्ह्यातून ज्यांच्या वेळा खरोखर वेगळ्या निघतील अशा दोघा-तिघांना चेन्नई, कोइम्बतूरच्या ट्रॅकवर एक हंगाम पाठवा. दोघा-तिघांचाच खर्च आहे. आमच्या तालुका क्रीडा संकुलात गाजरगवत माजलंय, तिथे होणार असेल तर तेही चालेल; गवत आम्ही काढू.

कायद्याचा धाक मला माहीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराच्या हातात रस्त्यावर गाडी सापडली तर बापाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. योग्यच आहे. पण तो सार्वजनिक जागेचा कायदा. शहरातलं आठ वर्षांचं पोर बंद ट्रॅकवर कार्ट चालवतं तेव्हा तो खेळाडू असतो. आमचं पोर चौदाव्या वर्षी इतकं शिकलेलं असतं आणि त्याला जायला जागा एकच, डांबरी रस्ता. म्हणून मग ते रात्री समृद्धीवर मोबाइल डॅशबोर्डवर लावून वेगाच्या काट्याचा व्हिडिओ काढतं. त्या रस्त्याने किती घरं रिकामी केली ते तुम्हाला मी सांगायला नको.

या हिवाळ्यात आमच्या भागात पट भरेल. तारीख ठरली की कळवतो. आपण यावं, घड्याळ मी आपल्या हातात देईन, दोन जोड्या सुटताना आपण स्वतः दाबून बघावं. भाचा पाण्याच्या कॅन घेऊन येतोच, त्याला मारुतीत बसवतो, त्याचीही वेळ घ्या. हेलिकॉप्टरला मैदानाशेजारी जागा आहे, पण तिथे हरभरा पेरलेला असतो, तेव्हा गाडीनेच या.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक मेकॅनिक