तबल्यावरची बोटे दिसू लागली, त्याबद्दल आभार

प्रिय बाब यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये ही तुमची अट पाळून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुम्ही मोबदला घेण्यास नकार दिल्यामुळे ऋण मान्य करण्याचा एवढाच मार्ग माझ्याकडे उरला आहे. शिवाय माझ्या वेबकॅमसाठी तुम्ही जे केले, ते गोव्यात घरी बसून व्हिडिओ कॉलवर तबला किंवा पखवाज शिकवणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावे, अशी मनापासून इच्छा आहे.

ज्याला केवळ चेहरा दाखवून बोलायचे आहे, त्याला कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा हे कॅमेऱ्यानेच ठरवणे, बहुधा पुरते. तबल्याचे तसे नाही. विद्यार्थ्याला माझा चेहरा दिसला नाही तरी काही अडत नाही, पण तर्जनी चाटेवर, म्हणजे काठावर, पडली की लवेवर, म्हणजे काठ आणि शाई यांमधल्या भागावर, आणि ‘तिरकिट’ वाजवताना शाईवर बोटे कशी बदलली, हे त्याला दिसलेच पाहिजे. वरून रोखलेल्या कॅमेऱ्याला मधोमध काळी शाई आणि भोवती पांढरट पुडी, म्हणजे तबल्याचे कातडे, दिसते. त्यात हात आला आणि गेला की साऱ्या चित्राचा सरासरी उजेड बदलतो आणि कॅमेरा दर वेळी नव्याने हिशेब मांडतो, त्यामुळे चित्र सतत उजळत आणि मंदावत राहते. पावसाळ्यात फोंड्याला भरदुपारी खोलीत दिवा लावावा लागतो, तेव्हा त्याहून वाईट घडत असे. उजेड कमी पडला म्हणून कॅमेरा प्रत्येक चौकट, म्हणजे व्हिडिओतले एकेक स्थिर चित्र, अधिक वेळ उघडी ठेवी आणि सेकंदाला ३० चौकटींऐवजी १५ वर उतरे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौपट बोल वाजवले, तर सेकंदाला ८ आघात होतात. म्हणजे एका आघाताच्या वाट्याला जेमतेम दोन चौकटी, आणि त्या दोन्हींत बोट फरपटलेले. लयकारीसाठी नावाजलेले तबलावादक खाप्रूमामा पर्वतकर यांच्या गोव्यात लय अशी धूसर करून शिकवणे मला बरे वाटत नव्हते.

महागडा कॅमेरा घ्या, असा सल्ला मला अनेकांनी दिला होता. तुम्ही मात्र आहे तोच कॅमेरा ठेवून, त्याचा ताबा त्याच्याकडून काढून माझ्या हाती दिला. माझ्या जुन्या संगणकावर विंडोजऐवजी उबंटू ही मोफत प्रणाली आहे, हे पाहून तुम्हाला झालेला आनंद मला अजून आठवतो. इतरांनी त्याबद्दल नाके मुरडली होती. व्हीफोरएलटू-सीटीएल (v4l2-ctl) या छोट्या साधनाने तुम्ही कॅमेऱ्याच्या सर्व नियंत्रणांची यादी पडद्यावर आणली आणि एक्स्पोजरचा आकडा, म्हणजे चौकट किती वेळ उघडी ठेवायची ते, बदलण्याआधी त्याची पद्धत बदलावी लागते, हे दाखवले. पद्धत ३ वर, म्हणजे स्वयंचलित, असेल तोवर वेळेचा आकडा निष्क्रिय राहतो. ती १ वर आणली की तो आपल्या हुकमात येतो. उजेड कमी झाल्यास चौकटींचा वेग उतरवण्याची कॅमेऱ्याला असलेली मुभाही तुम्ही त्याच वेळी काढून घेतली.

त्यानंतर तुम्ही जे समजावलेत, त्यासाठी मी विशेष कृतज्ञ आहे. तो आकडा सेकंदाच्या दहाहजाराव्या भागांत मोजला जातो, म्हणून १०० म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. हालचाल आणखी गोठावी म्हणून मी ८० मागितले, तेव्हा तुम्ही वाद न घालता ८० करून दाखवलेत, आणि चित्रावरून काळसर पट्टे सरकू लागले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साध्या एलईडी दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. चौकट बरोबर सेकंदाचा शंभरावा भाग उघडी राहिली, तर त्यात उजेडाचे एक आवर्तन पुरे पडते, त्याहून कमी राहिली तर ते अर्धवट कापले जाते. आवर्तन मध्येच तोडून समेवर येता येत नाही, हे तबलजीला कोणी वेगळे सांगायला नको. १००, २०० किंवा ३०० यांपैकी काहीही चालेल, पण बोटांसाठी १००च, हा तुमचा निर्णय मी तेव्हापासून बदललेला नाही.

एक्स्पोजर कमी केल्यावर चित्र काळोखे झाले, तेव्हा गेन, म्हणजे कॅमेऱ्याने आत आलेला उजेड कृत्रिमरीत्या वाढवून दाखवणे, वाढवण्याचा सोपा मार्ग तुम्ही नाकारलात. गेनने चित्रावर दाणे येतात, आणि व्हिडिओ कॉलमध्ये चित्र दाबून पाठवताना ती दाण्यांची वळवळ जपण्यातच बराच डेटा खर्ची पडून बोटे पुन्हा धूसर होतात. त्याऐवजी, माझ्या हाताची सावली शाईवर पडणार नाही अशा बाजूला एक दिवा आणि समोरच्या खिडकीला पातळ पडदा, एवढ्यावर काम भागले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग कसा दिसावा याचे माप, हाताने ठरवून दिल्यामुळे ढग सरकले की पुडी निळसर होण्याचा प्रकारही थांबला.

वीज गेली किंवा केबल निघाली की कॅमेरा पुन्हा आपल्या मूळ वळणावर जातो, आणि आमच्याकडे पावसात वीज जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणून कॅमेरा जोडताक्षणी हे सारे आकडे आपोआप परत बसतील, असा नियम तुम्ही लिहून ठेवलात. कागदावरही मराठीत टिपून दिलेत, हे त्याहून मोलाचे.

पुण्याच्या माझ्या एका विद्यार्थ्याकडे विंडोज आहे. ओबीएस या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधून कॅमेऱ्याच्या सेटिंगची खिडकी उघडल्यावर त्याला एक्स्पोजरच्या जागी उणे आकडे दिसले आणि तो गोंधळला, तेव्हा मी त्याला तुमच्याकडे पाठवले होते. तिथे प्रत्येक पायरीला वेळ निम्मा होतो: उणे ५ म्हणजे सेकंदाचा बत्तिसावा भाग, उणे ६ म्हणजे चौसष्टावा, उणे ७ म्हणजे एकशे अठ्ठाविसावा, शंभरावा भाग त्यांत नाहीच. त्याने दिवसा खिडकीच्या उजेडात उणे ७ ठेवावे आणि रात्रीसाठी न लुकलुकणारा दिवा आणावा, हे तुम्ही फोनवर त्याला न कंटाळता सांगितलेत. त्याचा ‘धिरधिर’ अजून कच्चा आहे. पण हाताचा तळवा कुठे चुकतो, हे आता मला फोंड्यात बसून दिसते आणि त्याच क्षणी थांबवता येते.

आपला कृतज्ञ,
एक तबलाशिक्षक
फोंडा, गोवा