अजून एक वर्ष इथेच (आई, रागावू नकोस)

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई गप्प होते आणि बाबा "बघू" म्हणतात, म्हणून लिहूनच टाकते. मादागास्करचं काम मी एक वर्ष वाढवून घेतलंय. सही झालीये. म्हणजे यंदाही गणपतीला मी नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल एका कोळ्यापायी एवढं काय. पण हा डार्विन्स बार्क स्पायडर, फक्त याच बेटावर सापडतो, शास्त्रीय नोंदच मुळी २०१० ची. अंदासिबेच्या जंगलात तो नदीवर जाळं बांधतो हो! मादी काठावर बसून रेशीम नुसतं वाऱ्यावर सोडत राहते, ते पलीकडच्या झुडपात अडकलं की झाला दोर, असे दोर २५ मीटरपर्यंत सापडलेत, म्हणजे आपल्या पडवीपासून पार विहिरीपर्यंत, आणि त्याला मधोमध जाळं, मोठ्यात मोठं २.८ चौरस मीटर. ही बाई स्वतः जेमतेम दोन सेंटिमीटर. (नर तर एवढुसा, आई हसशील.) रेशीम बुलेटप्रूफ जॅकेटातल्या केव्लारपेक्षा दहापट चिवट. आता हे अर्धवट टाकून आले तर दुसरं कुणीतरी पूर्ण करेल, ते मला नाही चालणार, तुमचीच मुलगी.

कोळी माणसाला काही करत नाही. मच्छरदाणी आहे, मलेरियाच्या गोळ्या चालू आहेत. जेवायचं तर विचारूच नका, इथे तिन्ही त्रिकाळ भात, आणि आई, भाताच्या खरवडीत पाणी घालून उकळतात आणि तेच जेवताना पितात, रानुव्हुला म्हणतात, तुला भयंकर आवडेल.

लाईट गेली की बाबा मला कडेवर घेऊन बॅटरीने पडवीतली जाळी दाखवायचे, मी पाय खाली टेकवायला तयार नसायचे. आता जळवा लागल्या तरी काही वाटत नाही. (आई, साध्या जळवा गं, मीठ लावलं की पडतात.)

बरं, आता ऐका. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही, दापोलीला काय झालं ते विसरले नाहीये मी. आई, गुडघा दाखवून ये, गणपतीनंतर नाही, आधी. मोदकांना यंदा शेजारच्या वहिनींना बोलव, एकटीने करत बसू नको. फोन रात्री करत जा, इथे मी तुमच्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

आणि नंदूमामाला मी सांगते, तुम्ही आधी काही बोलू नका.

तुमची,
चिमी