झाडाचं तुझंच खरं निघालं

सोलापूर, रविवार

प्रिय सुन्या,

गड्ड्याची जत्रा संपून पंधरा दिवस झाले आणि तुझ्या दोन फोनांना उत्तर नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच बे. आईचा गुडघा ठीक, माझं पित्त जिथल्या तिथे.

लिहितोय ते झाडापायी. हो, तेच, डेटा क्रमाने ठेवायचं झाड, ज्यापेक्षा पायथनमध्ये साधी लिस्टच वेगवान असं तू म्हणाला होतास.

अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलवाल्याचं उधारीचं काम पायथनमध्ये करतोय. त्याला या तारखेपासून त्या तारखेपर्यंतची येणी हवीत. डिक्शनरी (किल्लीवरून नोंद काढून देणारी) घातल्या क्रमाने चालते, तारखेच्या नाही. म्हणून साधं बायनरी सर्च ट्री लिहिलं: प्रत्येक नोडच्या, म्हणजे नोंदीच्या, डावीकडे आधीच्या तारखा, उजवीकडे नंतरच्या. बिलं आधीच तारखेवार, त्यामुळे प्रत्येक नवा नोड उजवीकडेच. झाड कसलं, नुसती काठी! हजाराच्या आसपास रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची) मर्यादा आली आणि मालकासमोरच प्रोग्रॅम आडवा. त्याने न बोलता लाल खतावणी उघडली. ते जास्त लागलं.

मग इरेला पेटलो. एव्हीएल, म्हणजे तोल गेला की नोड फिरवून स्वतःला सावरणारं झाड. १९६२ सालचं, व्हायव्हात तू घडाघडा सांगितलंस आणि मी ज्याच्या नावापाशी अडलो, तेच. आठ रात्री गेल्या. त्यातल्या तीन एवढ्यासाठी की फिरवल्यावर उंची आधी खाली गेलेल्या नोडची मोजायची, मग वर आलेल्याची. मी उलटं करत होतो. शेवटी ४० हजार बिलं, उंची जेमतेम १६. नाचलो!

आणि मग तुला टोमणा मारता यावा म्हणून शेजारी साधी लिस्ट ठेवली. बायसेक्टचं इन्सॉर्ट (अर्धं-अर्धं करत जागा शोधून तिथेच घुसवणारं), तारीख आणि बिल नंबरची जोडी. चार ओळी. लिस्टच पुढे. मधे घुसवताना पुढचं सगळं सरकतं खरं, पण ते पायथनच्या पोटातल्या सी भाषेत, एका दमात. माझा मात्र नोड म्हणजे अख्खं ऑब्जेक्ट, पायरीपायरीला इंटरप्रिटरची (कोड एकेक पायरी चालवणाऱ्याची) वारी. पार्क चौकात तू हेच म्हणालास आणि मी दीड महिना अबोला धरला. (चहाचे पैसे मी दिले होते, तेही लक्षात ठेव.)

आता त्या तीनशे ओळी पुसवत नाहीत. बिलं लाखांत गेली की लिस्ट धापा टाकेल, असं स्वतःला समजावतो. पण त्यावर सॉर्टेडकंटेनर्स नावाचं तयार पॅकेज आहेच, तेही निव्वळ पायथनमध्ये, आणि आत झाड नाही, लिस्टांची लिस्ट! खोडू, की कुठल्यातरी फोल्डरात पडू देऊ? तू सांगेपर्यंत हात लावत नाही.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरीचे फोटो पाहिले, नाक तुझ्यावर गेलंय, बिचारी. शेंगाचटणी कोणाबरोबर पाठवू ते कळव.

तुझा,
बाळ्या